प्रेक्षक रेषेवर येण्याआधी: मैदानी फुटबॉल स्पर्धेत हुल्लडबाजी कशी रोखावी

पुण्यात भरणाऱ्या बहुतेक फुटबॉल स्पर्धांना गॅलरी नसते. शाळेचे किंवा महापालिकेचे मोकळे मैदान, सकाळी फक्की टाकून आखलेल्या रेषा, एका बाजूला मांडव, त्यात पाहुण्यांच्या खुर्च्या आणि बाकी तिन्ही बाजूंना उभे राहिलेले लोक, असे साधारण चित्र असते. बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात जी आसनव्यवस्था आणि जे दरवाजे आयते मिळतात, त्यातले इथे काहीच नसते; त्यामुळे प्रेक्षकांत मारामारी झाली की 'बाहेरची पोरं आली होती' असे सांगून आयोजक मोकळे होतात. पेठेतल्या एका मंडळाच्या स्पर्धेची मैदान-व्यवस्था मी गेली पंधरा-सोळा वर्षे पाहत आलो आहे. हे वाक्य मीही दोनदा उच्चारले आहे आणि दोन्ही वेळा ते खोटे होते. पोरे आमचीच होती. आम्ही त्यांना उभे चुकीच्या जागी केले होते.

पुढे जे लिहिले आहे ते आठ किंवा सोळा संघांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेसाठी आणि पाचशे ते दीड हजार प्रेक्षकांसाठी आहे. यातले बहुतेक काम पहिला सामना सुरू होण्याआधीच उरकावे लागते. भांडण पेटल्यावर आयोजकाच्या हातात फारच थोडे उरते, असा माझा अनुभव आहे.

दोरी कोठे बांधावी

एका उपांत्यपूर्व सामन्याचा प्रसंग सांगतो. प्रेक्षक इतके पुढे आले होते की त्यांच्या चपलांनी फक्की पुसली जात होती. लाइन्समन म्हणून उभा असलेला कॉलेजचा मुलगा रेषेबाहेर धावू शकत नव्हता. त्याला मैदानाच्या आत, हातभर अंतरावरून पळावे लागत होते. एक मध्यमवयीन गृहस्थ त्याच्या शेजारून चालत होते आणि प्रत्येक वेळी त्याच्या कानाशी पुटपुटत होते. त्या मुलाने ऑफसाइडसाठी झेंडा वर केला, तेव्हा मागून कोणीतरी त्या झेंड्याची काठी धरली. ओढली नाही, नुसती धरली. मुलाने झटका देऊन हात सोडवला, काठी तिसऱ्याच माणसाच्या गालाला लागली आणि पुढची पंचवीस मिनिटे सामना बंद राहिला. त्या दिवशी कोणी दारू पिऊन आले नव्हते की कोणी ठरवून आले नव्हते. त्या बाजूला दोरी मात्र बांधलेली नव्हती.

म्हणून स्पर्शरेषेपासून किमान तीन मीटर अंतर मोकळे सोडून दोरी बांधावी आणि गोलपोस्टच्या मागे शक्यतो कोणालाही उभे राहू देऊ नये. गोलमागे उभे राहणारा प्रेक्षक सामना पाहायला क्वचितच आलेला असतो. गोलकीपरला नडणे आणि जाळी हलवणे हीच त्याची करमणूक असते. एकच सुतळी कमरेच्या उंचीवर ताणली तर लोक तिच्याखालून वाकून आत येतात, तेव्हा कमरेला एक आणि गुडघ्याला एक अशा दोन दोऱ्या घ्याव्यात. मांडववाल्याकडे लोखंडी बॅरिकेड असतील तर उत्तमच. बांबू वापरावेच लागले तर ते खोल पुरावेत, कारण पावसाने जमीन सैल झाल्यावर उपटलेला बांबू म्हणजे आपणच पुरवलेली लाठी असते. सकाळी आखणी होत असताना दोन पोरांना गोणी देऊन मैदानाच्या कडेचे दगड, विटांचे तुकडे आणि फुटलेल्या काचा वेचायला लावाव्यात. कंटाळवाणे काम आहे, पण जो दगड कडेला पडलेलाच नाही तो कोणी मैदानात फेकू शकत नाही.

हेल्मेटचा प्रश्न खास आपल्या शहराचा. पुण्याचा प्रेक्षक दुचाकीवरून येतो आणि चोरीच्या भीतीने हेल्मेट कोपरात अडकवून मैदानाशी उभा राहतो. धक्काबुक्कीत त्याच हेल्मेटने डोके फुटते. पार्किंगजवळ एक टेबल टाकून, कूपन देऊन हेल्मेट ठेवून घेण्याची सोय केली तर दोन स्वयंसेवकांत हे काम होते. गाड्या रेषेजवळ लावू देऊ नयेत, हे ओघाने आलेच. गोल झाल्यावर हॉर्न आणि सायलेन्सरचे फटाके वाजवण्यासाठीच त्या तिथे आणलेल्या असतात.

दोन बाजू वेगळ्या कशा ठेवाव्यात

आपल्याकडचे संघ भागाभागांचे असतात. कॅम्प, खडकी, एखादी पेठ, एखादी वसाहत. कोल्हापुरात तालमींचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर ज्या ईर्षेने उतरतात, तिचीच धाकटी आवृत्ती इथे असते. ही ईर्षा वाईट नाही, तिच्यामुळेच लोक येतात. मात्र समर्थक आपल्या संघाच्या बाकाकडे ओढले जातात हे लक्षात घेऊन बाक मांडावे. दोन्ही बाक मांडवाच्या बाजूला, मध्यरेषेच्या दोन अंगांना ठेवावेत आणि समोरच्या लांब बाजूचे दोन भाग करून ज्याच्या समोर ज्याचा बाक, त्याला तो भाग द्यावा. मध्ये आठ-दहा मीटरची पट्टी पूर्ण रिकामी ठेवावी.

या पट्टीत कोणाला बसवू नये, 'तटस्थ' प्रेक्षकांनाही नाही. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियमवर युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्या अंतिम सामन्यापूर्वी घडले ते यासाठी आठवावे. लिव्हरपूलच्या समर्थकांशेजारचा भाग तटस्थ प्रेक्षकांसाठी म्हणून ठेवला होता, प्रत्यक्षात तेथे मोठ्या संख्येने इटालियन समर्थक होते आणि मध्ये होती ती तकलादू जाळी. एका बाजूने चाल केली, दुसरी बाजू मागे रेटली गेली, भिंत कोसळली आणि ३९ माणसे मेली. त्यानंतर इंग्लंडच्या क्लबांवर युरोपीय स्पर्धांत पाच वर्षांची बंदी आली. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या मारामारीतून चेंगराचेंगरी होऊन १६ जण गेले. तो दिवस तेथे आजही रक्तदान करून पाळतात. आपल्या मैदानावर एवढी गर्दी नसते हे खरे, पण रेटारेटीचे शास्त्र तेच असते: मागचा माणूस ढकलतो, पुढच्याला जायला जागा नसते.

स्वयंसेवक कोण असावेत

मोठ्या स्टेडियमवर साधारण अडीचशे प्रेक्षकांमागे एक आणि तणावाच्या सामन्याला शंभरामागे एक सुरक्षा स्वयंसेवक असावा, असे प्रमाण मानले जाते. उपांत्य फेरीपासून आपणही शंभराचाच हिशोब धरावा. संख्येपेक्षा निवड महत्त्वाची. प्रत्येक संघाकडून प्रवेश शुल्काबरोबरच चार नावे लेखी घ्यावीत आणि ती माणसे सामन्याच्या वेळी आपल्याच समर्थकांसमोर उभी करावीत. नावे घेताना संघाचा सर्वात आवाजी कार्यकर्ता घेऊ नये; ज्याने नुसते बघितले तरी पोरे खाली बसतात, असा एखादा दादा प्रत्येक भागात असतो, तो घ्यावा. तिऱ्हाइताने हटकले की अपमान वाटतो, आपल्या माणसाने हटकले की ते घरचे बोलणे ठरते. पोलिसाला जे पाच मिनिटांत जमत नाही ते अशा माणसाला एका हाकेत जमताना मी पाहिले आहे.

स्वयंसेवकाने पाठ सामन्याकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे करून उभे राहायचे असते. हे सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड आहे, विशेषतः आपला संघ एका गोलने मागे असताना. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाभोवती दोर धरून चालणारी मुले या कामाला उत्तम, कारण मागे वादन रंगात आलेले असताना समोरच्या गर्दीवर लक्ष ठेवायची त्यांना सवय असते. आमच्या स्पर्धेत आम्ही आता दोरीवरच्या जागा आधी त्यांनाच विचारतो.

बोलण्याची पद्धतही शिकवावी लागते. शिव्या देणाऱ्यासमोर छातीला छाती लावून उभे राहू नये, बाजूला जाऊन उभे राहावे, कॉलरला किंवा दंडाला हात लावू नये, आणि 'ओ शहाणे, मागं व्हा' असे चारचौघांत म्हणण्याऐवजी 'काका, दोरीच्या मागे या जरा, लाइन्समनला पळता येत नाहीये' असे कारणासकट सांगावे. माणूस वयाने मोठा असेल तर त्याच्याशी त्याच वयाच्या माणसाने बोलावे. सतरा वर्षांच्या स्वयंसेवकाने पन्नाशीच्या माणसाला मागे सरायला सांगणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे, मग तो मुलगा कितीही नम्र असो.

रेफ्री, माइक आणि गैरसमज

मैदानावरच्या अर्ध्याअधिक बाचाबाचीच्या मुळाशी नियमांचे अज्ञान असते. थ्रो-इनवरून थेट चेंडू मिळाल्यास ऑफसाइड होत नाही, चेंडू हाताला लागला म्हणून प्रत्येक वेळी हँडबॉल होत नाही, आणि टायब्रेकरमध्ये चेंडू मारला जाताना गोलकीपरच्या निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेवर, तिच्या सरळ वर हवेत किंवा तिच्या मागे असावा लागतो, या तीन गोष्टी सामन्याआधी आणि मध्यंतरात माइकवरून सांगितल्या तरी बराच फरक पडतो. सामना चालू असताना मात्र निवेदकाने एकाही निर्णयावर टिप्पणी करू नये. 'अरेरे, हे काय झालं' एवढे जरी तो म्हणाला तरी रेफ्रीविरुद्ध हजार माणसे उभी राहतात. आमच्याकडे एका हौशी निवेदकाचा माइक मला स्वतः काढून घ्यावा लागला होता. ते आजही माझ्याशी बोलत नाहीत.

शिट्ट्या आणि पिपाण्या प्रवेशाशीच काढून घ्याव्यात. प्रेक्षकाने वाजवलेल्या शिट्टीने खेळात व्यत्यय आला असे रेफ्रीला वाटले, तर खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे रेफ्रीने चेंडू जमिनीवर टाकून, पुन्हा सुरू करावा लागतो. म्हणजे एका टवाळखोराच्या गमतीपायी चांगली चाल वाया जाते आणि नव्या वादाला तोंड फुटते. प्रेक्षकांतून वस्तू फेकली गेली, तर खेळ चालू ठेवणे, थांबवणे, काही काळ तहकूब करणे किंवा सामना सोडून देणे हा अधिकार नियमाने रेफ्रीचा आहे. त्याच्यावर दबाव आणण्याचा अधिकार आयोजकाला नाही, प्रमुख पाहुणे येऊन बसले असले तरी नाही.

जातीवरून, वर्णावरून किंवा प्रांतावरून दिलेल्या शिव्यांचा विषय वेगळा धरावा. पुण्यातल्या संघांतून ईशान्य भारतातले आणि आफ्रिकी देशांतले विद्यार्थी खेळतात, आणि त्यांना उद्देशून जे ओरडले जाते ते 'मैदानावर चालतंच' म्हणून सोडून देण्यासारखे नसते. अशा प्रसंगासाठी फिफाची तीन पायऱ्यांची पद्धत आहे: आधी खेळ थांबवून माइकवरून समज द्यायची, तरी थांबले नाही तर संघांना काही वेळ बाहेर नेऊन सामना तहकूब करायचा, आणि त्यानंतरही चालूच राहिले तर सामना सोडून द्यायचा. ही पद्धत आपल्या नियमपत्रकात आधीच छापावी आणि दोन्ही कर्णधारांची सही घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला लोकांदेखत जातीवाचक बोलून अपमानित करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्याच पत्रकात एका ओळीत लिहावे.

लहान मुलांच्या स्पर्धेत हुल्लडबाज शोधायला लांब जावे लागत नाही. ते पालकच असतात. चौदा वर्षांखालील सामन्यांत पालकांना समोरच्या बाजूला, दोरीपासून आणखी पाच मीटर मागे बसवावे, आणि खुर्च्या द्याव्यात. बसलेला माणूस उभ्या माणसापेक्षा कमी ओरडतो.

पेटलेच तर

पहिल्या मिनिटात आयोजकांची एकच चूक वारंवार होते: सगळे स्वयंसेवक भांडणाच्या जागी धावतात आणि बाकीची दोरी उघडी पडते. म्हणून आधीच ठरवून ठेवावे की भांडणाजवळचे चार जण आणि दोन्ही संघांचे दादा एवढेच तिकडे जातील, बाकीचे जागेवरून हलणार नाहीत. रेफ्रीने खेळ थांबवताच खेळाडूंना बाकाकडे बोलवावे, कारण प्रेक्षकांतले भांडण खेळाडू त्यात शिरल्यावरच हाताबाहेर जाते. संगीत बंद करावे. माइकवरून एकाच माणसाने, एकाच शांत आवाजात, सूचना द्याव्यात. इजा झाली असेल तर १०८, मारामारी वाढत असेल तर ११२, आणि हे फोन कोणी करायचे तेही नावाने ठरलेले असावे. नाहीतर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केला आहे.

त्याच क्षणी सगळे दरवाजे उघडून प्रत्येक दरवाजाशी एक माणूस उभा करावा. 'पोरं पळून जातील, दार लावा' ही सूचना कोणीतरी हमखास देतो. ती मानू नये. १९६४ साली लिमामध्ये पेरू आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यात अश्रुधुरानंतर बाहेर धावलेले लोक बंद दरवाजांशी चिरडले गेले आणि तीनशेहून अधिक मेले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर पुन्हा तेच झाले: पराभवानंतर काही समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक बाहेर पडण्याच्या वाटांकडे धावले आणि १३५ जण मरण पावले. फिफाच्या सुरक्षा नियमांत स्टेडियममध्ये असा वायू वापरण्यास मनाई आहे. या दोन्ही ठिकाणी सुरुवात हुल्लडबाजीने झाली, पण माणसे तिने मेली नाहीत. बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून मेली.

उलट चूकही होते. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा बळी गेला. बाहेर गर्दी साचली म्हणून पोलिसांनी एक मोठा दरवाजा उघडला, पण आत शिरणाऱ्यांना रिकाम्या कडेच्या भागांकडे वळवायला कोणी नव्हते. लोक आधीच भरलेल्या मधल्या भागात गेले आणि पुढच्या कुंपणाशी चिरडले. दोष मात्र अनेक वर्षे समर्थकांच्या माथी मारला गेला आणि तो चुकीचा होता, हे २०१६ मध्ये ज्युरीच्या निकालाने स्पष्ट झाले. तेव्हा गर्दी ढकलते आहे म्हणजे ती दंगा करते आहे असे धरून चालू नये. आधी पुढे काय अडले आहे ते पाहावे.

मैदान रिकामे करणे

अंतिम सामन्यानंतरची वीस मिनिटे सर्वात धोक्याची असतात आणि नेमके तेव्हाच सगळे आयोजक मंचावर फोटोसाठी उभे असतात. इथे थोडे गणित करावे. ब्रिटनमधल्या क्रीडामैदान सुरक्षेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे सपाट वाटेने दर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसे बाहेर पडू शकतात आणि सर्व मैदान आठ मिनिटांत रिकामे व्हावे लागते. आपल्या शाळेच्या मैदानाचे लहान फाटक सव्वा मीटरचे धरले तर मिनिटाला शंभर, आठ मिनिटांत आठशे. हजार प्रेक्षक असतील तर ते फाटक पुरत नाही, आणि बाहेर भेळेची गाडी व आडव्या लावलेल्या दुचाकी असतील तर आठशेही निघत नाहीत. मोठे फाटक उघडण्याची किल्ली शाळेच्या शिपायाकडे असते. शिपाईमामांना शेवटच्या सामन्याआधीच चहा पाजून मैदानावर थांबवून घ्यावे.

हरलेल्या संघाचे समर्थक आधी आणि जिंकलेले नंतर, हा क्रम पाळावा. त्यासाठी वेगळी जबरदस्ती लागत नाही. उपविजेत्यांचे बक्षीस निकालानंतर लगेच द्यावे, त्यांना सन्मानाने निरोप द्यावा आणि मग पंधरा मिनिटे भाषणांना द्यावीत. जिंकलेली मंडळी करंडकासाठी थांबतातच. भाषणांचा एवढा उपयोग मला दुसरीकडे कोठे दिसलेला नाही. विजेत्यांच्या मिरवणुकीचा रस्ता कर्णधाराकडून आधी लिहून घ्यावा आणि तो हरलेल्या संघाच्या वस्तीवरून जाऊ देऊ नये. आमची दुसरी मारामारी मैदानावर झालीच नव्हती, ती दीड किलोमीटर पुढे एका चौकात झाली. फटाक्यांची माळ चुकीच्या दारात लावली गेली होती.

कागदपत्रे आणि नंतरची कारवाई

स्थानिक पोलिस ठाण्याला पंधरा दिवस आधी पत्र द्यावे. सामन्यांच्या वेळा, अपेक्षित प्रेक्षक, कोणत्या सामन्याला तणावाची शक्यता आहे आणि जबाबदार व्यक्तींचे फोन, एवढे त्यात असावे. पिंपरी-चिंचवडचे पोलिस आयुक्तालय २०१८ पासून वेगळे आहे, त्यामुळे मैदान कोणाच्या हद्दीत येते ते आधी पाहून घ्यावे. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि रात्री दहानंतर तो बंदच करावा लागतो. संघांना एक गोष्ट समजावून सांगावी: १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही पाच किंवा अधिक जण बेकायदेशीर उद्देशाने एकत्र आले तर तो बेकायदेशीर जमाव ठरतो, आणि जमावातल्या एकाने केलेल्या गुन्ह्याची जबाबदारी बाकीच्यांवरही येऊ शकते. 'मी नुसता उभा होतो' हे तेथे पुरत नाही. नोकरीआधीच्या पोलिस पडताळणीचा उल्लेख केला की पोरे जरा जास्त लक्ष देऊन ऐकतात, असा अनुभव आहे.

शिक्षा संघाला करावी की माणसाला, यावर दरवर्षी वाद होतो. माझे मत असे की दोघांनाही, पण वेगवेगळी. संघाची अनामत रक्कम जप्त व्हावी, म्हणजे पुढच्या वर्षी ते स्वतःच आपल्या माणसांवर लक्ष ठेवतात; आणि ज्याने हात उचलला त्याला दोन वर्षे मैदानात प्रवेश नसावा. समर्थक चिडले म्हणून संघाने मैदान सोडल्यास त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा. ९ डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला, संघ उत्तरार्धात मैदानात उतरला नाही आणि आधी संघावर बंदी, नंतर तडजोड होऊन दंड असे ते प्रकरण लांबत गेले. तसे होऊ नये म्हणून नियमपत्रकात कलम असावे: खेळाडूला इजा झाल्यास संघाने रेफ्रीकडे तहकुबीची मागणी करावी आणि बाकावर थांबावे.

घटनेचा अहवाल त्याच रात्री लिहावा. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाची हकिकत बदललेली असते. मोबाइलवरची चित्रफीत मागून घ्यावी, पण संघांच्या व्हॉट्सअॅप गटावर ती फिरू देऊ नये. बंदीचे पत्रही गटावर टाकू नये. दोघांनी त्या मुलाच्या घरी जावे, आई-वडिलांसमोर बसून ते त्याच्या हातात द्यावे आणि प्रतीवर त्याची सही घेऊन यावे. आम्ही अशी पाच पत्रे दिली. त्यातले दोघे आता दोरीवर, पाठ सामन्याकडे करून उभे असतात.